वकिलात, वकील आणि एक आडनाव

मागच्या महिन्यात एका मित्राला स्कूटरवर घालून पणजीच्या आल्तिनोला पोर्तुगालच्या कॉन्सुलेटमध्ये नेलं, पोर्तुगालच्या नागरिकत्वाच्या कामासाठी. त्याचे बाबा पोर्तुगीजांपासून गोवा मुक्त होण्याच्या आधीचे, म्हणजे 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मलेले, त्यामुळे आधी त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला आणि मग त्यावरून याचा नंबर, असा तो सगळा कागदांचा खेळ. तो आत आणि मी बाहेर झाडाखाली दीड तास. मोबाइल मरायला टेकला तेव्हा सुचलं, आमच्या आजीच्या तरुणपणी पणजीत कॉन्सुलेट होतं ते भारताचं! मुंबईहून आलेल्या माणसाला पणजी हे फॉरेन.

आमच्याकडची म्हातारी माणसं एम्बसीला अजून वकिलात म्हणतात, मला तर तो शब्द दूतावासापेक्षा जास्त आवडतो, कारण शिवकाळात दूत म्हणजे वकीलच. महाराजांच्या बाजूने पीतांबर शेणवी, पोर्तुगीजांच्या बाजूने रामाजी शेणवी कोठारी, म्हणजे इकडूनही शेणवी (गोव्याकडचे सारस्वत) आणि तिकडूनही शेणवी 😄 इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दफ्तरं उपसली म्हणून ही माणसं आपल्याला कळली, नाहीतर गेलीच होती.

तर स्वतंत्र भारताने 1949 मध्ये लिस्बनला वकिलात उघडली, मुख्य विषय अर्थात गोवा. पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार त्यावर बोलायलाच तयार नाही, त्याच्या मते गोवा ही वसाहत नव्हेच, पोर्तुगालचाच तुकडा. शेवटी जून 1953 मध्ये भारताने लिस्बनची वकिलात बंद केली. मग 1955 मध्ये गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर 15 ऑगस्टला गोळीबार झाला आणि 1 सप्टेंबरला पणजीचं कॉन्सुलेटही बंद. संबंध तुटले तरी दोन्हीकडे माणसं अडकलेली असतातच ना, त्यांची कामं कुणी बघायची? तर भारताची बाजू इजिप्तने सांभाळली आणि पोर्तुगालची भारतातली ब्राझीलने. शेजारच्याशी भांडण झालं की तिसऱ्या घरातून निरोप धाडतात, तसंच.

आणि कॉन्सुलेट बंद झालं त्याच्या पुढच्याच महिन्यात गोव्याच्या मुक्तीसाठी लढणारे मोहन रानडे पकडले गेले, बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात. मूळचे सांगलीचे, इकडे मराठी शिकवायला आलेले मास्तर. 1960 मध्ये त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात हलवलं, वर्षभरात गोवा सुटला पण हे तिकडेच राहिले! आपली वकिलात तिथे नाही, जाऊन दार ठोठावणार कोण. 1968 मध्ये तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई व्हॅटिकनला पोपना भेटले तेव्हा त्यांनी रानडेंना सोडवा म्हणून शब्द टाकला आणि जानेवारी 1969 मध्ये ते सुटले. म्हणजे मराठी मास्तरासाठी रदबदली केली कुणी, तर तामिळ मुख्यमंत्र्याने, तीसुद्धा रोममध्ये. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, मला याचा अजून राग येतो.

पुढे एप्रिल 1974 मध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, हुकूमशाही गेली आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरला दिल्लीत करार झाला, गोवा भारताचा हे पोर्तुगालने मान्य केलं. त्यांच्याकडून सही परराष्ट्रमंत्री मारियो सोआरिश यांची आणि आपल्याकडून परराष्ट्रमंत्री कोण, तर आपले यशवंतराव चव्हाण. आपल्याकडे मुक्ती होऊन तेरा वर्षं उलटली तेव्हा कागदावर भांडण मिटलं, मग वकिलाती परत उघडल्या. पणजीत पोर्तुगालचं कॉन्सुलेट यायला तर 1994 उजाडलं.

एवढं होईपर्यंत मित्र बाहेर आला, तोंड पाडून. म्हटलं काय रे, झालं काय? तर बाबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर आडनावाआधी 'सिनाय' आहे आणि आधारवर नाही, आता ते दोघे एकच हे सिद्ध करा. सिनाय म्हणजे आपलं शेणवी, पोर्तुगीजांनी त्यांच्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. मी त्याला पीतांबर शेणव्यांची गोष्ट सांगायला लागलो तर म्हणाला, गप रे, आधी ॲफिडेव्हिट कुठे करतात ते सांग.