गाठ न मारता

नागपुरातल्या आमच्या गल्लीत दूध आणणारा भाऊ हिंगण्याच्याही पलीकडून येतो. गाडीच्या दोन्ही अंगांना मोठ्या कॅन, टाकीवर एक छोटी, आणि परत जाताना मागच्या सीटवर ढेपेचं पोतं. एवढा सगळा संसार तो जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधतो. पावसाळ्यात त्याच्याकडच्या रस्त्याचं काय होतं ते मी पाहिलंय. तरी आजवर त्याचं एक झाकण हललेलं नाही.

डिसेंबरातल्या एका पहाटे पाच वाजता मी फाटकासमोर मोटरसायकलवर सामान चढवत होतो. तंबू, स्लीपिंग बॅग, चटई, छोटी शेगडी, आणि आईनं बळंच कोंबलेला चिवड्याचा डबा. लाल-पिवळ्या दोन बंजी कॉर्ड एकमेकींत अडकवायच्या खटपटीत एक निसटली आणि तिचा हूक कानाजवळून सणकत गेला. तेवढ्यात भाऊ आला. गाडी बंद न करता, एक पाय टेकवून माझा उद्योग बघत राहिला.

"कुठी चालले?"

"पचमढी."

"याच्यानं बांधून?"

मी गप्प. त्यानं गाडी बंद केली, स्वतःच्या कॅनवरची एक पट्टी सोडली आणि माझ्या बॅगेवरून फिरवायला लागला. "हे इलॅस्टिक भरोशाचं नाही, भाऊ. दोन गचके बसले का ढिल्लं होते. हे पाहा. ताणत आणायचं, एकावर एक घ्यायचं, अन् शेवटचं टोक खालून खोचून द्यायचं. रबर रबराले धरते."

"आणि गाठ?"

"गाठ मारायचीच नाही. गाठ मारली का सोडाले कुटाणा."

बंजीच्या पाकिटावर छापलेल्या सूचना मी तोवर दोनदा वाचल्या होत्या. त्यातलं एकही वाक्य या तोडीचं नव्हतं.

नागपूरच्या माणसाला लांबच्या प्रवासाला निघायची एक सोय आहे. कुठल्याही दिशेला जा, देश सारखाच उरतो. झिरो माइलच्या खांबावर मैल कोरलेले आहेत: हैदराबाद 318, जबलपूर 170, छिंदवाडा 83. लहानपणी मला वाटायचं, खांबाजवळचे ते चार घोडे याच अंतरांच्या काळजीनं उभे आहेत. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 आमच्या शहरातून जातो, त्यामुळे देशाची उभी फेरी मारायला निघालेला प्रत्येक मोटरसायकलवाला कधी ना कधी आमच्या धुळीतून जातोच. त्याच्या लेखी नागपूर म्हणजे अर्धा टप्पा, एक मुक्काम, एक ऑइल चेंज आणि उन्हाला घातलेल्या शिव्या. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की त्या शिव्या आम्हालाही मान्य असतात. आम्ही स्वतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढेच चार-पाच महिने शहाणे असतो.

मुंबईकडे जायला आता 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे. आमच्याच वेशीवरून सुरू होतो आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे मांडव दारात घातलाय, आपल्याला मात्र पत्रिका नाही. याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. कोंढाळी, तळेगाव, तिवसा, अमरावती अशा जुन्या रस्त्यानं गेलं की दर तासाला चहा लागतो आणि दर चहाला एक चौकशी लागते. "कितना अ‍ॅव्हरेज देते?" हा पहिला प्रश्न. "एकटेच का?" हा दुसरा. तिसरा कुणी मोठ्यानं विचारत नाही, नजरेत असतो: घरचे काही बोलत नाहीत का याला?

बोलतात. आई बोलते. "घरी गादी आहे नं? मंग मातीत निजाले इतक्या लांब कायले जातो रे तू?" वीस वर्षांत मला याचं उत्तर सुचलेलं नाही. बायकोनं आता विचारणं सोडलंय. ती फक्त तंबू गच्चीवर वाळत घालताना नाकाला पदर लावते.

रस्त्यावरच्या माणसांची नावं मला लक्षात राहत नाहीत. खरं तर कुणी सांगतही नाही. नंबर प्लेट हेच गोत्र. एमएच-31 म्हणजे आपला नागपूर शहराचा, एमएच-40 नागपूर ग्रामीण, एमएच-27 अमरावती, एमएच-32 वर्धा. पीबी दिसला आणि मागं केशरी झेंडा असला की बहुधा नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला निघालेला. प्लेटनंतर मी बघतो सामान कसं बांधलंय ते. सगळं वजन मागं लादलेला नवखा. टाकीवर बॅग ठेवून हँडल वळवताना ती पोटाला लागणारा, त्याहून नवखा. दोन्ही अंगांना सारखं वजन, रेनकोट सगळ्यात वर आणि पाण्याची बाटली हाताशी, हा माणूस पाऊस खाऊन आलेला असतो. लग्नाच्या बोलणीत लोक चपला बघतात म्हणे. मी गाठोडं बघतो.

आता हात दाखवण्याचं. समोरून सामान लादलेली मोटरसायकल आली की ओळख असो-नसो, हात वर करायचा, ही या जमातीची रीत. आपल्याकडे तिची पंचाईत आहे. उजवा हात एक्सलरेटरवर अडकलेला, म्हणून मोकळा तो डावा. आणि आपण डावीकडून चालत असल्यामुळे समोरचा येणार उजव्या बाजूनं. म्हणजे मोकळा हात नेमका पलीकडे. जिथं उजवीकडून गाड्या चालतात तिथल्या लोकांचा डावा हात आपसूक समोरच्याच्या बाजूला येतो, त्यामुळे ते झोकात खाली दोन बोटं दाखवतात. आपण तसं केलं तर आपलीच टाकी आडवी येते. समोरच्याला वाटतं, हा गुडघा खाजवतोय. शिवाय चौपदरी रस्त्यात मध्ये दुभाजक, त्यात कण्हेर. म्हणून आपल्याकडे मान हलते. हेल्मेटातली मान किंचित खाली. सासऱ्यासमोर हलावी तशी.

मनसरला भेटलेला केएल-07 हा मात्र मान हलवायच्याही मनःस्थितीत नव्हता. फेब्रुवारी होता. मी देवलापारकडून परतत होतो, तो काश्मीरकडे निघालेला. रस्त्याच्या कडेला वाकून बॅगेकडे बघत उभा. सायलेन्सरला टेकून बॅगेचा पट्टा वितळला होता आणि अर्धी बॅग चाकाकडे लोंबत होती. त्याची हिंदी माझ्या मल्याळमएवढी, म्हणजे शून्य. इंग्रजी दोघांचीही गरजेपुरती, आणि गरज नेमकी इंग्रजीत नव्हती. मी "ट्यूब, ट्यूब" म्हणत राहिलो, तो आपल्या टायरला हात लावून "नो पंक्चर, नो पंक्चर" म्हणत राहिला.

शेवटी ओढत पंक्चरच्या दुकानात नेलं. आता आमच्या भागातल्या हायवेवरचे पंक्चरवाले पुष्कळदा केरळचे निघतात. हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी डोक्यात नव्हतं. दुकानदार टायर लिव्हर हातात घेऊन फोनवर बोलत होता. केएल-07 नं दोन वाक्यं ऐकली आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी माहेरी आलेल्या मुलीच्याच चेहऱ्यावर पाहिलंय. पुढची वीस मिनिटं मी चुकीच्या मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखा उभा. ट्यूबची पट्टी कापली गेली, बॅग वर चढली. बांधायची वेळ आली तेव्हा दोघांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी दूधवाल्या भाऊची विद्या मोठ्या ऐटीत करून दाखवली: ताणा, एकावर एक घ्या, टोक खोचा. पंक्चरवाल्यानं पट्टीचे पैसे घेतले नाहीत. केएल-07 नं केळ्याच्या चिप्सचं पाकीट फोडलं. खोबरेल तेलात तळलेल्या. पहिली खाताना आपल्या जिभेला डोक्याला लावायचं तेल आठवतं. चौथीपासून आठवत नाही.

फोन नंबर दिले-घेतले गेलेच. माझ्या फोनमध्ये तो 'केएल सात मनसर' आहे. त्याच्या फोनमध्ये मी काय असेन कुणास ठाऊक. 'एमएच ट्यूब' असेन. दोघांनीही कधी फोन केला नाही. असे सतरा-अठरा जण माझ्या फोनमध्ये आहेत: 'केए पान्हा', 'पीबी पराठा', 'टीएन टॉर्च'. बायकोनं एकदा यादी वाचली आणि विचारलं, हे लोक आहेत की सामान?

त्या मनसरच्या पुढं, पेंचच्या जंगलात, हायवे खांबांवर उचललाय. वरून ट्रक आणि खालून वाघ. खालच्या कॅमेऱ्यांत वाघ ये-जा करताना टिपले गेलेत. त्यामुळे तिथं तंबू ठोकायचं कुणी मनातही आणू नये. एक तर व्याघ्रप्रकल्पात परवानगीशिवाय मुक्काम गुन्हा, आणि दुसरं कारण सांगायला नकोच. एकूणच आपल्याकडे तंबू ठोकणं म्हणजे जागा मागणं. ढाब्यामागचं अंगण, शाळेचं पटांगण, देवळाची ओसरी, कुणाची तरी बाडी. विचारायचं आणि अंधार पडायच्या आत विचारायचं. अंधारात आलेला माणूस चोर दिसतो, उजेडात आलेला नुसता येडा.

'केए पान्हा' म्हणजे बंगळुरूकडची एक मुलगी. तामियाच्या अलीकडे एका ढाब्यामागं आम्ही दोघांनी वेगवेगळ्या वेळी जागा मागितली होती. माझा तंबू सकाळी आतून ठिबकत होता आणि मी दव, कापड आणि तंबू विकणारा अशा तिघांचा उद्धार करत होतो. तिनं चहा पिता पिता विचारलं, "रात को सब बंद करके सोये थे क्या?" अर्थात. डिसेंबरात तामियाला उघडं कोण झोपतं? "तो वो आपकी ही सांस है," ती म्हणाली. उबदार श्वास थंड कापडाला लागून त्याचंच पाणी झालं होतं. वरची झडप चार बोटं उघडी ठेवली असती तर कोरडा राहिलो असतो. पंधरा वर्षं मी स्वतःच्याच श्वासात भिजत होतो.

हे कमी होतं म्हणून की काय, निघताना माझी क्लच केबल तुटली. लिव्हरपाशी, जिथं तुटते तिथंच. माझ्याकडे जादा केबल होती; बॅगेच्या तळाशी, चिवड्याच्या डब्याखाली. तिनं स्वतःच्या गाडीवर दाखवलं: जादा केबल जुन्या केबलच्या अंगालाच बांधून ठेवलेली. जुनी तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. पान्हा तिचा, हात तिचे. मी टॉर्च धरला, तोही दिवसाउजेडी. ढाबेवाल्यानं मला विचारलं, "बेटी है आपकी?" आम्ही दोघंही एकदम "नहीं" म्हणालो, मग तीच म्हणाली, "रास्ते में मिले हैं." ढाबेवाल्याला ते पुरलं.

परतीचा मुक्काम मी बहुतेक वेळा सौसरच्या बाजूला करतो. सिल्लेवानीचा घाट उतरला की राज्य मध्य प्रदेशच असतं, पण भाषा मराठी होते. एका संत्र्याच्या बाडीत विहिरीजवळ दर वेळी जागा मिळते. मालक काका म्हणतात, "तंबू कायले, खोली हाये नं," आणि मी नाही म्हणालो की दर वेळी सारखेच दुखावतात. जानेवारीच्या शेवटी तिथं आंबिया बहाराची फुलं असतात आणि मृग बहाराची फळंही झाडावर पिकत असतात. रात्री तंबूची झडप चार बोटं उघडी ठेवावी. आता ठेवतो.

लखनादौनला, जिथं जबलपूरचा रस्ता फुटतो, तिथं एकदा एमएच-32 भेटले. सत्तरीचे असावेत. जुनी शंभर सीसी गाडी, मागं घोंगडी, एक पिशवी, सुतळीनं बांधलेली. नर्मदा परिक्रमा गाडीवर करायला निघाले होते. माझं सामान त्यांनी फिरून फिरून बघितलं. शेगडी, दिवा, घडीची खुर्ची. "बरं आहे," म्हणाले. मी त्यांना विचारलं, मुक्कामाचं काय? "मैया उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. बाकी आश्रमवाले बघतात." मग माझ्या पट्टीचं खोचलेलं टोक दोन बोटांनी ओढून पाहिलं. "हे चांगलं केलंस बाबा." मी बॅगेतून एक जादा पट्टी काढून दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. सुतळी सोडली नाही. "नर्मदे हर," म्हणाले आणि गाडीला चार वेळा किक मारली.

त्या फेरीहून परतलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी सकाळचे साडेसहा वाजले होते. रात्रभर चालवून डोळ्यांत वाळू. दूधवाला भाऊ तिसऱ्या घरासमोर माप ओतत होता. माझ्या बॅगेवर धूळ, वर खोचलेली दोन संत्री, आणि पट्टी निघताना होती तशीच. मी मुद्दाम त्याच्याजवळ गाडी हळू केली. त्यानं माप खाली ठेवलं, पट्टी एका बोटानं वर उचलली, सोडली. चट्ट असा आवाज झाला.

"बांधली बरोबर," तो म्हणाला. "पण कॅन असती तं दूध सांडलं असतं."

मग एक संत्रं काढून घेतलं आणि पुढच्या घराची बेल दाबली.