मिरचीची रोपं, दिवा आणि माझा अतिउत्साह

फोंड्यातल्या आमच्या बाल्कनीसमोर दुसरी इमारत उभी आहे. ऊन मुळात बेताचं, आणि जून लागला की तेही नाही. गेल्या मे महिन्यात काणकोणच्या आत्याने खोला मिरचीचं बी दिलं. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली तीच ही मिरची. तिकडे ती डोंगरउतारावर, नुसत्या पावसाच्या पाण्यावर होते. मी मात्र ती जेवणाच्या टेबलावर लावायची ठरवली.

रोपांना चार पानं फुटेपर्यंत ट्रे खिडकीत होता. मग 100 वॅटचं एलईडी पॅनेल आणलं, रोपांच्या डोक्यावर 20 सेंटिमीटरवर टांगलं आणि टायमर 18 तासांवर लावला. उजेड जास्त तर वाढ जास्त, इतका सरळ हिशेब!

सहाव्या दिवशी शेंड्याची पानं कडांनी वर वळून द्रोणासारखी झाली, रंगही पांढुरका. चुरडा-मुरडा, म्हणजे मिरचीची पानं आकसवणारा रोग, दुसरं काय! पानं वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी ही बारीक कीड, एवढं ठाऊक होतं. भिंगातून एक किडा दिसेना, तरी निंबोळी तेल फवारलं, तेही दिवा चालू असताना. हा निव्वळ गाढवपणा. तेलाचा थर बसलेलं पान कडक उजेडात भाजतं. दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग हजर. मग नत्र कमी पडलं असेल म्हणून गांडूळखताचं पाणी घातलं. नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात. माझी खालची पानं तर हिरवीगार होती, पण बघतंय कोण?

उलगडा एका पानाने केला. पाणी घालताना शेजारच्या रोपाचं आडवं आलेलं पान बाजूला सारलं, तर खालच्या पानावर त्याचा आकार हिरवा उमटलेला. टोकासकट. त्याच्याबाहेर सगळं फिकट. रोग काही सावलीची कड बघून थांबत नाही.

दिव्याखाली हात धरून पाहिला होता, गरम लागला नव्हता म्हणून मी निर्धास्त होते. एलईडीला ही परीक्षा चालत नाही. पान उष्णतेशिवाय नुसत्या उजेडानेही पांढरं पडतं. मोबाईलवरच्या उजेड मोजणाऱ्या लक्समापकाने पानाजवळ 50 हजारांच्या वर आकडा दाखवला. तो काटेकोर नसतो, पण तुलनेला पुरतो. भर उन्हात लाखभर लक्स असतात, मग एवढ्याने काय बिघडलं? पण सूर्य सरकतो, ढग येतात. माझा दिवा 18 तास जागचा हलत नव्हता, आणि रोपं खिडकीतल्या मंद उजेडातून थेट त्याखाली आली होती.

पॅनेल 45 सेंटिमीटरवर नेलं, डिमर निम्म्यावर आणला; आकडा 13 हजारांवर आला. टायमर 14 तासांवर. तोही यांत्रिक, त्यामुळे पावसात वीज गेली की तेवढा मागे पडायचा. एकदा रात्री दीडला उठले तर टेबल लखलखतंय! तेव्हापासून वीज आली की आधी काटा बघते.

पांढरी पडलेली पानं पुन्हा हिरवी झाली नाहीत. तरी जी अर्धी हिरवी होती ती ठेवली, करपलेली तेवढी काढली. दहा-बारा दिवसांनी आलेली नवी पानं सपाट होती.

आत्याला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगो, रोपांना निजायला तरी दिलंस का?"

चवथीनंतर रोपं बाहेर नेली, पहिल्या आठवड्यात रोज तासभरच. अकरापैकी सात तगली.