चोथ्यातला रस: ज्यूसर-नोंदी, आणि जॅकवरच्या प्रेसची प्रगती

चोथा वजन करायला लागल्यापासून ज्यूसरकडे बघायची माझी नजरच बदलली. पेल्यात किती रस आला ते सगळेच बघतात, पण यंत्राचा खरा हिशोब मागच्या भांड्यात असतो. गाजरात साधारण 88 टक्के पाणी. अर्धा किलो गाजरातून माझा सेंट्रिफ्यूगल ज्यूसर पाव लिटरच्या आसपास रस देतो. बाकीचा कुठे गेला ते चोथा मुठीत दाबला की कळतं.

भाजी-फळातला रस पेशींच्या आत कोंडलेला असतो. तो काढायची कामं दोन: पेशी फोडायची आणि फुटलेला लगदा पिळायचा. सगळे ज्यूसर ही दोनच कामं करतात, फक्त कोण कुठल्या कामात तरबेज आणि कुठल्यात कच्चा एवढाच फरक. खोक्यावरच्या आरपीएमवरून, म्हणजे मिनिटाला किती फेरे यावरून, ते कळत नाही.

सेंट्रिफ्यूगलचंच बघा. तळाला दातेरी चकती, भोवती तिच्याबरोबर फिरणारी जाळी. जाळीची त्रिज्या 5 सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला 10,000 फेरे धरला, तर जाळीच्या कडेला गुरुत्वाकर्षणाच्या साडेपाच हजार पट जोर येतो. कागदावर करून बघा, मीही दोनदा तपासलं. एवढा जोर असून चोथा ओला का? कारण फुटलेल्या पेशीतला रस जाळीबाहेर फेकणं हे या जोराचं काम. न फुटलेल्या पेशीपुढे त्याचा फारसा इलाज नाही. शिवाय कीस तिरप्या जाळीवरून सरकत काही क्षणांतच बाहेर पडतो. वॉशिंग मशीनच्या ड्रायरमधून कपडे लगेच बाहेर काढावेत तसं.

म्हणून इथे खरी किल्ली गाजर आत ढकलायचा दांडा कसा दाबता त्यात आहे. गाजर जोरात रेटलं की जाड कपच्या निघतात, त्या चोथ्यात स्पष्ट दिसतात. दांड्यावर नुसता हात ठेवून गाजर आपल्या गतीने जाऊ दिलं की कीस बारीक पडतो आणि चोथा बराच कोरडा येतो. तेच यंत्र, तेच गाजर. पालकाला मात्र हाही उपाय पुरत नाही. पानं चकतीच्या दातांत सापडतच नाहीत, नुसती उडून जाळीला चिकटतात. घट्ट गोळी करून, मागून सफरचंदाची फोड लावून ढकलली तर थोडं जमतं.

स्लो ज्यूसर म्हणजे ऑगरचं यंत्र. मिनिटाला 40 ते 100 फेऱ्यांच्या आसपास फिरणारा जाड स्क्रू. स्क्रू आणि जाळी यांमधली जागा पुढे पुढे अरुंद होत जाते, लगदा तिथे चिरडतो आणि पिळलाही जातो. पण दाब फक्त स्क्रूचा नसतो. तोंडाशी साठलेला चोथाच बूच होऊन मागच्या लगद्याला अडवतो, आणि त्यामुळे दाब वाढतो. म्हणूनच सुरुवातीचा चोथा ओला येतो, मग हळूहळू घट्ट कांडीसारखा, वाकवला तर तुटणारा. पहिला ओला चोथा मी परत वरून टाकतो. गाजर आणि पालक या यंत्राला मानवतात. पिठूळ सफरचंद एकटं घातलं तर पंचाईत होते: चिरडायला कडक काही नाही, मग गर जाळीतून पाझरतो आणि रसाऐवजी पातळ प्युरी मिळते. मधे मधे गाजराचा तुकडा टाकला की तोच गर पुढे रेटतो. आल्याच्या दोऱ्या स्क्रूला गुंडाळतात; आडवे पातळ काप करून घातलं की दोऱ्या आखूड होतात आणि त्रास संपतो.

आता उष्णतेबद्दल, कारण वाद नेहमी तिथेच पेटतो. सेंट्रिफ्यूगलमध्ये रस ‘शिजतो’ हे मला पटत नाही. थर्मामीटर धरला तर फरक जेमतेम दोन-तीन अंशांचा दिसतो. फरक हवेचा आहे. वेगामुळे रसात हवा घुसळली जाते आणि फेस येतो. सफरचंदाचा रस काळपट पडतो तो पेशी फुटल्यावर तिच्यातलं एन्झाइम, फिनॉलिक द्रव्यं आणि ऑक्सिजन एकत्र आल्यामुळे. स्लो ज्यूसरमध्येही तो काळवंडतोच, थोडा सावकाश. दोन्हीकडे लिंबू पिळलं की आम्लामुळे एन्झाइम मंदावतं.

संत्र्या-मोसंबीला यातलं काहीच नको, शंकूवर दाबून फिरवायचं यंत्र उत्तम. पांढऱ्या सालीपर्यंत खरवडू नका. तिच्यातली द्रव्यं रसात उतरली की तासाभराने रस कडवट लागायला लागतो.

आता प्रेस. फोडणं आणि पिळणं वेगवेगळं करायची कल्पना जुनी आहे. नॉर्मन वॉकर यांनी 1930च्या दशकात आणलेल्या नॉरवॉक यंत्रात आधी दळायचं, मग लगदा कापडात गुंडाळून प्रेसखाली ठेवायचा, अशीच रीत होती. माझ्या घरच्या प्रेसला मी गाडी उचलायचा 2 टनांचा बॉटल जॅक आणि लोखंडी चौकट वापरतोय. जॅक ताटाच्या खाली ठेवलाय, वर नाही, म्हणजे तेल गळलंच तर रसात पडणार नाही.

लगदा भरायच्या कापडी पिशवीचा आकार इथे फार महत्त्वाचा ठरतो. 20 सेंटिमीटर व्यासाच्या पिशवीवर 2 टन म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण साडेसहा किलो. व्यास 15 केला की तोच जॅक अकरा किलोंच्या वर जातो. म्हणून आता छोटी पिशवी, पातळ थर. दुसरं म्हणजे घाई नको. एकदम जोर लावला की कापडालगतचा लगदा घट्ट बसून वाट बंद करतो आणि आतला रस आतच राहतो. थोडा दाब, रसाची धार थांबेपर्यंत थांबायचं, मग जॅकच्या दांड्याचे पुढचे दोन हेलकावे.

गाजराचा चोथा आता पापडासारखा कडकडीत निघतो. सध्याची अडचण दळण्याची आहे. मिक्सरमध्ये पाणी घातल्याशिवाय गाजर फिरत नाही, आणि पाणी घातलं तर मोजमापच बिघडतं. म्हणून स्लो ज्यूसरची जाळी काढून बिनछिद्रांची कोरी चकती बसवून बघतोय, काहींमध्ये ती बरोबरच येते. पुढच्या वेळी गाजर गोठवून, परत वितळवून दळणार आहे. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी आधीच फुटलेल्या असतात. गाजर तर नुसतं वितळल्यावरच मऊ पडून पाणी सोडतं. चव कितपत टिकते ते नोंदवतो.