फिरतं खुराडं

आमच्या आईच्या माहेरी कोंबड्या डालग्याखाली झाकायचे. बुरडाकडून आणलेलं डालगं, म्हणजे बांबूची मोठी टोपली, दिवस मावळला की कोंबडीवर पालथं घालायचं, वर धोंडा ठेवायचा, झालं घर. सकाळी उचलून भिंतीला टेकवलं की घर गायब. हे मला वेळेवर आठवलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आमचं घर. मागं थोडं परडं आहे. गेल्या वर्षी तिथं विटांचं पक्कं खुराडं बांधलं. पावसाळ्यात खालची जमीन ओली ती ओलीच राहिली, त्यातच घाण साचली आणि कोंबड्यांना रक्ताची हगवण लागली. एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, गेली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, ‘‘औषध देतो, पण जागा बदलत राहा. रोग त्या मातीतच मुरलाय.’’

म्हणून ठरलं फिरतं खुराडं. त्याला तळ नसतो. कोंबड्या आत उकरतात, गवत-किडे टिपतात, खत जागच्या जागी पडतं आणि आपण दोन-तीन दिवसांनी सगळं पुढं सरकवायचं. एकाच जागी ठेवलं तर तेच खत गवत जाळून टाकतं.

वेल्डरला 6 बाय 4 फुटांचं माप दिलं. त्यानं विचारलं, ‘‘मजबूत करू ना?’’ मी हो म्हणालो. या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. लोखंडी अँगल, पत्रा, सगळं मिळून असं वजन झालं की टेम्पोतून उतरवायला चौघं लागले. बायको म्हणाली, ‘‘फिरतं आहे हो, फक्त ते आपल्यालाच फिरवतंय.’’ शेवटी मुलाच्या जुन्या सायकलची चाकं एका बाजूला लावली. आता दुसरी बाजू हातगाडीसारखी उचलून ढकलतो.

जाळीनंही असंच शिकवलं. दुकानात कोंबडीची म्हणून जी षटकोनी जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. किल्ल्याच्या उतारावरून मुंगसं सर्रास उतरतात आमच्याकडं. मग अर्धा इंची चौकोनी वेल्ड जाळी आणली, आणि कडेनं वीतभर बाहेर जमिनीवर आडवी अंथरली. मुंगूस जाळीला अगदी चिकटून उकरायला लागतं आणि या पट्टीवर अडतं. दोन पावलं मागं सरून उकरावं हे त्याला सुचत नाही. अजून तरी.

बसायला मी गुळगुळीत पाइप लावला होता. एकीनंही त्यावर पाय ठेवला नाही. सगळ्या अंड्याच्या खोक्यात दाटीवाटीनं झोपल्या आणि सकाळी खोकं बघवेना. आई म्हणाली, ‘‘आरं, पाय घसरत्यात त्यांचं. लाकूड लाव, आन खोक्याच्या वर लाव. कोंबडी उंचावर झोपती.’’ दोन इंची पट्टी, कडा घासून, खोक्यापेक्षा फूटभर वर लावली. त्या रात्री बॅटरी मारून पाहिलं तर चौघी ओळीनं, पिसं फुगवून, बोटं पोटाखाली झाकून बसलेल्या.

महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं सरकवत होतो. मग एकदा उत्साहाच्या भरात, कोंबड्या परड्यात मोकळ्या असताना, एकदम पंधरा फूट ढकलून शेवग्याखाली नेलं. दिवस मावळला. चौघी ओळीनं निघाल्या त्या थेट जुन्या जागेवर. तिथं आता फक्त पिवळ्या पडलेल्या गवताचा चौकोन. दार जिथं असायचं तिथं येऊन उभ्या राहिल्या. मध्ये काही नाही, तरी कुणी त्या चौकोनात पाय टाकेना. नवं खुराडं समोर दिसत होतं, पण त्यांच्या लेखी घर म्हणजे ती जागा. कोरेगावला बदली झाली तेव्हा मीही पहिल्या सोमवारी सवयीनं जुन्याच ऑफिसच्या पायऱ्या चढलो होतो, म्हणून हसलो नाही.

एकेकीला काखोटीला मारून नेऊन ठेवलं. असं तीन संध्याकाळी. चौथ्या दिवशी तिघी आपापल्या गेल्या. काळी म्हातारी मात्र चौकोनाच्या कडेला बसून राहिली. मी उचलायला वाकलो तर हातावर चोच मारली.

आईनं माळ्यावरून डालगं काढलं, फुंकर मारून धूळ उडवली, तिथंच तिच्यावर पालथं घातलं आणि वर वरवंटा ठेवला.