तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटची भाषा की पैशाची?

परवा एक गृहस्थ मुलाला घेऊन ऑफिसात आले. मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. खुर्चीत टेकता टेकताच वडील म्हणाले, "मॅडम, ती पीएचपी फुकट असते म्हणतात. मग त्यातल्या नोकरीला पगार तरी असतो का?" मुलगा मान खाली घालून फरशी मोजायला लागला. पण प्रश्न काही वेडगळ नव्हता. पीएचपी ही वेबसाइट बनवायची मोफत प्रोग्रामिंग भाषा, आणि डॉट नेट ही मायक्रोसॉफ्टची, पैशाची म्हणून ओळखली जाणारी. वीसेक वर्षं सांगलीत बसून मी छोट्या संस्थांच्या वेबसाइट करते आणि हाच प्रश्न मला कपडे बदलून भेटत राहतो. विद्यार्थी विचारतात, "पीएचपी शिकू की डॉट नेट?" संस्थांचे सचिव विचारतात, "फुकटचं घेऊन पुढं फसायला नाही ना व्हायचं?" दर वेळी चहा गार होईपर्यंत बोलण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

आधी एक कबुली. मी शिकत होते तेव्हा सगळंच जवळपास फुकट होतं. विंडोज, व्हिज्युअल स्टुडिओ, एसक्यूएल सर्व्हर, जे म्हणाल ते स्टँडजवळच्या एका दुकानात सीडीवर मार्करनं नाव लिहून मिळायचं. पीएचपीसुद्धा मी तिथूनच विकत आणली होती, कारण डायलअपच्या संथ इंटरनेटवर उतरवून घ्यायची सोय नव्हती! म्हणजे फुकटच्या भाषेला पैसे मोजले आणि पैशाच्या भाषेलाही तेवढेच. यातली खरी किंमत कुठली, हे पहिलं काम मिळेपर्यंत मला कळलं नाही.

पहिलं काम एका सार्वजनिक वाचनालयाचं, 2005 सालचं. पुस्तकांची यादी नेटवर टाकायची होती. क्लासमध्ये एएसपी, म्हणजे मायक्रोसॉफ्टची वेबपानं बनवायची सोय, शिकवलेली, म्हणून एएसपीत केलं, मागे अॅक्सेस या छोट्या डेटाबेसची फाइल. आता एएसपीला कोणी वेगळे पैसे घेत नव्हतं. 1996 पासून ती मायक्रोसॉफ्टच्या वेबसर्व्हरबरोबरच येत होती. पण ती राहणार फक्त विंडोजवर, आणि विंडोज सर्व्हरचं लायसन्स होस्टिंगच्या, म्हणजे साइट ठेवायच्या जागेच्या, भाड्यात धरलेलं. शेजारचं लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवरचं होस्टिंग स्वस्त. दर वर्षी रिन्यूअल आलं की कार्यवाह विचारायचे, "हे जास्तीचे कशाचे?" आणि मी काहीतरी गुळमुळीत बोलायचे. भाषेला पैसे नव्हतेच, तिच्या घराचं भाडं जास्त होतं.

भाषेलाच किंमत, असं उदाहरण म्हणजे कोल्डफ्यूजन. अलेअर कंपनीनं 1995 मध्ये आणली, पुढे मॅक्रोमीडियाकडे आणि 2005 मध्ये अॅडोबीकडे गेली. तिच्या सर्व्हरला पैसे मोजावे लागतात. तिथंही शिकण्यापुरती आवृत्ती फुकट आहे, आणि तोच कोड बराचसा चालवणारं ल्यूसी नावाचं मोफत इंजिनही आहे. आमच्या भागात मी एकच कोल्डफ्यूजनवाला पाहिला. तो पुण्याला गेला.

तर वाचनालयाची साइट सहा वर्षं सुरळीत चालली. मग होस्टिंगवाल्यानं सर्व्हर बदलले आणि यादीच्या जागी एक ओळ आली: प्रोव्हायडर सापडत नाही. झालं होतं एवढंच की नवा सर्व्हर 64 बिटचा होता आणि अॅक्सेसची फाइल वाचणारं जेट नावाचं ड्रायव्हर फक्त 32 बिटमध्ये होतं. सर्व्हरवर एका ठिकाणी "32 बिट चालू" एवढं केलं असतं तरी भागलं असतं. पण ती कळ माझ्या हातात नव्हती. आठ दिवस मी मेल पाठवत राहिले, समोरून "तुमची तक्रार नोंदवली आहे" येत राहिलं. रागाच्या भरात सगळं पीएचपी आणि मायएसक्यूएल या मोफत डेटाबेसमध्ये पुन्हा लिहून काढलं. फुकट आणि मोकळं, म्हटलं आता कुणाच्या दारात उभं राहायला नको.

आणि पहिल्याच दिवशी यादीतल्या निम्म्या नावांच्या शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह.

हे जरा सावकाश सांगते, कारण क्लासमध्ये हे कोणी सांगत नाही. यादीत नाव लांब असलं तर ठरावीक लांबीवर तोडून पुढे तीन टिंबं द्यायची, असं मी केलं होतं. एएसपीत, पानाचं कोडपेज 65001, म्हणजे अक्षरं साठवायची यूटीएफ-8 पद्धत, ठेवलं की, "मराठी" या शब्दाची लांबी 5 येते: म, र, काना, ठ, वेलांटी. पीएचपीला विचारलं तर ती म्हणते 15. कारण ती अक्षरं मोजत नाही, बाइट म्हणजे साठवणुकीचे कण मोजते, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं. दहाव्या बाइटवर तोडलंत तर काना पुरा होतो आणि ठ चा एक तृतीयांश तुकडा लोंबकळत राहतो. त्याचंच ते प्रश्नचिन्ह. यावर वेगळी फंक्शनं आहेत, ती वापरली की 5 येतं. पण 4 वर तोडलंत तर "मराठी"चं "मराठ" होतं, ते एएसपीतही होतंच. वेलांटीसकट ठी हे एक अक्षर आहे हे ओळखून 3 सांगणारं फंक्शनही पीएचपीच्या 5.3 आवृत्तीपासून आहे. मला ते सापडायला चार रात्री लागल्या. पीएचपी 6 मध्ये युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची सोय, मुळातच घालणार होते, पण तो बेत 2010 मध्ये गुंडाळला गेला आणि 5 नंतर थेट 7 आली. मायएसक्यूएलनं तर वेगळाच हात दाखवला. तिथं न सांगता केलेलं टेबल तेव्हा लॅटिन-1 या इंग्रजीसारख्या लिपीपुरत्या पद्धतीत व्हायचं, त्यात मराठी भरलं की ओळभर नुसती ????. आणि ती एकदा झाली की परत मराठी होत नाहीत. तीनशे पुस्तकं ग्रंथपाल ताईंनी पुन्हा टाइप केली. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं.

पुढचा फटका 2019 च्या जानेवारीत. पीएचपी 5.6 ची देखभाल 31 डिसेंबर 2018 ला संपली, होस्टिंगवाल्यानं सगळ्यांना 7 वर नेलं, आणि साइट पांढरी फटक. माझं सगळं डेटाबेसचं काम जुन्या मायएसक्यूएल फंक्शनांवर होतं आणि ती 7 मध्ये काढून टाकली होती. इशारा 2013 पासून येत होता. मी वाचलाच नव्हता. चूक माझीच. पण एक गंमत पाहा. 2005 ची ती एएसपीची पानं अजूनही माझ्या जुन्या डिस्कवर आहेत. विंडोज सर्व्हरवर ठेवली तर एक अक्षर न बदलता चालतात. पैशाच्या घरातल्या भाषेनं वीस वर्षं शब्द पाळला. मात्र 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टनं व्हीबीस्क्रिप्ट, ती पानं जिच्यात लिहिलीत ती भाषा, विंडोजमधून टप्प्याटप्प्यानं काढणार असं जाहीर केलं, म्हणजे त्या पानांचेही दिवस भरत आले. त्यावर मी काही करू शकत नाही. पीएचपी मात्र त्या जानेवारीत मी दुसऱ्या होस्टकडे जुन्या आवृत्तीवर उभी केली, यादी दुपारपर्यंत चालू झाली, आणि नवीन कोड मग महिनाभर निवांत लिहिला. कुणाला विचारावं लागलं नाही.

म्हणून सचिव मंडळींना मी सांगते, भाषेचा भाव विचारू नका. ती सोडायची वेळ आली तर काय लागेल ते विचारा. आपली यादी, आपले सभासद, आपल्या पावत्या दुसरीकडे नेता येतील का, आणि नेणारा माणूस आपल्या तालुक्यात मिळेल का.

विद्यार्थ्यांसाठी तर हा प्रश्न जवळजवळ निकालात निघालाय. डॉट नेट 2014 मध्ये ओपन सोर्स, म्हणजे तिचा कोड सगळ्यांना मोफत खुला, करायचं जाहीर झालं, 2016 पासून लिनक्सवर चालते. पैसे लागतात ते एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेससारख्या शेजाऱ्याला, त्याचंही लायसन्स बऱ्याचदा प्रोसेसरच्या कोअर मोजून. उलट फुकट म्हणून ओळखली जाणारी जावा घ्या. 2019 पासून ओरॅकल कंपनीच्या जावा 8 च्या नव्या अपडेटना धंद्यासाठी पैसे पडायला लागले. 2023 मध्ये त्यांनी हिशोबच बदलला, कंपनीत डोकी किती यावर बिल, त्यातल्या कितींनी जावा उघडली ते विचारायचं नाही. ओपन जेडीके, म्हणजे जावाचीच मोफत आवृत्ती, घेतली तर हे काही लागत नाही, पण तेवढा फरक कळणारा माणूस ऑफिसात पाहिजे.

आणि इथंच त्या वडिलांचं उत्तर आहे. त्यांना म्हटलं, लायसन्सला पैसे जात नाहीत म्हणून तर माणसाला देता येतात. माझी सगळी कमाई एएमसीची, वर्षाच्या देखभाल कराराची, आहे, म्हणजे फुकटची भाषा दर दोन-तीन वर्षांनी कूस बदलते तेव्हा जागं राहण्याची. मुलगा पहिल्यांदा हसला. काय शिकू, म्हणाला. जिथं राहशील तिथल्या कंपन्या काय वापरतात ते बघ आणि एकीत खोल जा, दुसरी तीन महिन्यांत येते. त्याला ते फार साधं वाटलं असावं.

वाचनालयाचे कार्यवाह आता बदललेत. गेल्या वर्षी नवीन कोटेशन दिलं, त्यात हौसेनं वेगळी ओळ टाकली होती: प्रोग्रामिंग भाषा व डेटाबेस, रुपये 0. खजिनदारांनी चष्मा वर करून पाहिलं आणि पेननं ती ओळ खोडली. म्हणाले, "शून्याची ओळ नका ठेवू ताई, ऑडिटर विचारतो, मग हे आलं कुठून."