त्याचं म्हणणं आधी सांग

दूरशिक्षणाच्या एम.ए.च्या मुलांना मी राजकीय सिद्धान्त शिकवते, तेही ऑनलाइन. त्या दिवशी रॉल्स आणि नॉझिक एकत्र घेतले होते. दोघंही अमेरिकन तत्त्वज्ञ, संपत्तीची न्याय्य वाटणी कोणती यावर एकमेकांच्या विरोधात उभे. हे दोघं एकत्र घेतले की वर्ग तापतो हे ठाऊक होतं, पण दहाव्या मिनिटालाच चॅटमध्ये ओळ आली: 'रॉल्स म्हणजे कायदेशीर लूट.' लगेच खाली उत्तर: 'नॉझिक म्हणजे श्रीमंतांचा वकील.' मग बाकीचे सरसावले. कोणी अंगठे देतंय, कोणी हसतंय. समोर बसलेलं असलं की माणूस निदान दुसऱ्याचा चेहरा बघून आवरतं घेतो. इथे अर्ध्यांचे कॅमेरे बंद.

मी चॅट बंद केलं आणि त्या दोघांना माइक सुरू करायला सांगितलं. अट एकच. आधी समोरच्याची बाजू मांडायची, ती त्याला पटेपर्यंत. 'हो, हेच म्हणायचं होतं मला' असं तो म्हणाला, की मगच खोडायची. युक्ती माझी नव्हे. संघर्ष आणि वादविवादांचे अभ्यासक अनातोल रापोपोर्ट यांनी १९६० मध्येच ती सुचवली होती.

लूटवाला मुलगा म्हणाला, "रॉल्सला सगळ्यांना सारखं वाटून द्यायचंय." मुलगी म्हणाली, "नाही." पुन्हा प्रयत्न. "श्रीमंतांकडून काढून गरिबांना द्यायचं." "तेही नाही." तो वैतागला, पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग सावकाश म्हणाला, "विषमता चालेल, पण तिचा फायदा सगळ्यात खालच्या माणसाला जास्तीत जास्त झाला पाहिजे. कारण आपण कुठल्या घरात आणि काय गुण घेऊन जन्मलो, ही आपली कमाई नाही."

"हो. हेच."

मुलीलाही सोपं गेलं नाही. 'गरिबांचं काय व्हायचं ते होवो' हे नॉझिकच्या तोंडी घालणं तिला सोडवेना. शेवटी ती नॉझिकने दिलेल्या, बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनच्या उदाहरणावर आली. दहा लाख लोक त्याचा खेळ बघायला आपखुशीने प्रत्येकी २५ सेंट देतात, त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात. आधीची वाटणी तुमच्या मते न्याय्य होती ना? मग आता अन्याय नेमका कुठे झाला? "दानाला त्याची ना नाही," ती म्हणाली, "सक्तीला आहे." मुलगा खूश.

एवढं झाल्यावर भांडण आटोपलं नाही, फक्त जागेवर आलं. माझ्या अंगातल्या गुणांचं फळ माझं की नाही, एवढाच मुद्दा उरला आणि त्यावर दोघं हटेनात. मीही 'दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे' असं म्हणाले नाही. ती मला सभ्यता वाटतच नाही, पळवाट वाटते. हार्वर्डच्या एकाच विभागात शिकवणाऱ्या त्या दोघांनीही तसं केलं नव्हतं. रॉल्स यांचं पुस्तक १९७१चं, नॉझिक यांचं १९७४चं. त्यात नॉझिक आधी रॉल्स यांची तोंडभरून स्तुती करतात, यापुढे त्यांच्या चौकटीत काम करा नाहीतर का करत नाही ते सांगा असं बजावतात, आणि मग ती चौकट खिळखिळी करायला पानंच्या पानं खर्च करतात.

तास संपायच्या बेतात असताना मुलगा म्हणाला, "मॅडम, एक माझ्याच विरोधातलं सापडलंय. वाचू?" मालमत्ता मुळात अन्यायाने आली असेल तर त्या अन्यायाची दुरुस्ती करावी लागेल, हे नॉझिकला मान्य आहे. कुणी कुणाचं काय हिरावलं हे नीट माहीत नसेल तेव्हा, तळाच्या गटाची स्थिती शक्य तितकी सुधारेल अशी समाजाची घडी बसवणं हा एक ढोबळ नियम ठरू शकेल, असंही तो लिहितो. म्हणजे जवळपास रॉल्सच!

आता मुलगी यावर झडप घालणार असं मला वाटलं. तिने पान क्रमांक विचारला, मिनिटभर वाचलं आणि म्हणाली, "पण तो हे जपून म्हणतोय. जुना अन्याय भरून काढण्यापुरतं. हे मी माझ्या बाजूने नाही धरणार."

पुढच्या आठवड्याचं वाचन मी तिथेच बदललं आणि तो दुरुस्तीचाच भाग लावला.