जानेवारीतही तलाव चालू ठेवायचा म्हणून

बाणेरच्या आमच्या सोसायटीत दिवाळी संपली की पोहण्याच्या तलावाला कुलूप लागायचं, ते थेट होळीपर्यंत. मेंटेनन्स मात्र बाराही महिने वसूल. मी कमिटीत गेले आणि हा विषय माझ्या गळ्यात पडला.

जनरल बॉडीत उभे तट. ज्येष्ठ मंडळी म्हणत, "आम्ही टिळक तलावावर शिकलो, तेव्हा कुठे होता हीटर?" मुलांच्या आया म्हणत, पोरांचे ओठ निळे पडतात, बत्तीस अंश तरी हवंच. खरं तर दोघांचंही बरोबर होतं. जलतरणाची जागतिक संघटना असलेल्या वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या नियमांत स्पर्धेच्या तलावाचं पाणी 25 ते 28 अंशांत ठेवायचं असतं. जोरात हात मारणाऱ्याला त्याहून कोमट पाण्यात दम लागतो, कारण अंगातली उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही. शिकाऊ मुलांना 29 ते 31 बरं वाटतं. एक काका 26 वर अडून बसले. म्हटलं, "काका, तुम्ही सलग पोहता, पोरं निम्मा वेळ कठडा धरून उभी असतात." शेवटी 28 वर एकमत झालं. (एकमत म्हणजे, काका चहा प्यायला उठले.)

मग दोरी बांधून थर्मामीटर पाण्यात सोडला. डिसेंबरअखेरीस सकाळी सातला हवा 11, पाणी 21. म्हणजे पाणी हवेपेक्षा चांगलं दहा अंशांनी उबदार, तरी उतरणारा किंचाळायचा. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं, त्यामुळे 21 अंशांची हवा सुखाची आणि 21 अंशांचं पाणी नकोसं.

पहिला विक्रेता आला तो थेट कॉइलचे हीटर विकायला. त्याच्यासमोरच हिशेब मांडला. तलावात सव्वा लाख लिटर पाणी. एक लिटर एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटात साधारण 860 किलोकॅलरी असतात. म्हणजे एका अंशाला 145 युनिट, सात अंशांना हजाराच्या वर. तेही उष्णता वाटेत कुठे गेली नाही तर. साहेबांनी कॅटलॉग मिटला. गच्ची आधीच सोलरच्या टाक्यांनी भरलेली, त्यामुळे तोही मार्ग बंद. राहिला हीट पंप, जो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो आणि साधारण चौथ्या हिश्शाच्या विजेत काम भागवतो.

पण ऊब जाते कुठून, हे बघणं मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं. कडेच्या निळ्या टाइलवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीनं रेघ मारली. बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहानं धुणं, त्यात पाणी जातं) केला नव्हता, कोणी उतरलंही नव्हतं, तरी दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली चार मिलिमीटर. ऐकायला किरकोळ, पण आमच्या तलावाच्या मापानं ही सव्वाचारशे लिटरची वाफ. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी घेऊन जाते. हिशेब केला तर रोज जवळपास दोन अंश हवेत जात होते. दिवसा ऊन बरंचसं भरून काढतं, पण पुण्यातली हिवाळ्याची हवा कोरडी आणि रात्र गार, त्यामुळे अंधार पडला की पाणी निवत जातं.

म्हणून आधी कव्हर घेतलं, बुडबुड्यांच्या प्लास्टिकचं. नुसत्या कव्हरनंच सकाळचं पाणी 23 च्या वर राहायला लागलं. नंतर आणलेला हीट पंपही लहान पुरला. तो आम्ही दुपारी बारा ते पाच चालवतो. पहाटे 11 अंशांच्या हवेतून उष्णता ओढायला पंपाला झगडावं लागतं, तेच दुपारी हवा 28-29 असते.

उरला प्रश्न हवेचा. बंदिस्त तलावात हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश गरम ठेवतात, उघड्यावर ते कुठून जमणार? पाणी 28 असलं तरी बाहेर येताच वारा लागला की ओल्या अंगावरचं पाणी वाळताना पोरं कुडकुडतात. टेकडीच्या बाजूला हिरवी जाळी बांधली, टॉवेल शिडीशीच ठेवायला हँगर लावले आणि मुलांची बॅच सकाळऐवजी दुपारी चारला नेली. मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक या बदलानं पडला, आणि त्याला पैसा लागला नाही.

आता भांडण फक्त एवढंच, की रात्री कव्हर पसरायचं कोणी. सिक्युरिटीवाले म्हणतात ते आमचं काम नाही, लाइफगार्ड सातला घरी जातो. तूर्त शेवटी पोहणाऱ्यानंच कव्हर पसरायचं, असं बोर्डावर लिहिलंय, आणि त्यामुळे शेवटी पोहायला कोणी थांबत नाही.